मोबाइलचे जलद चार्जिंग : चार्जर, केबल आणि फोन यांचा मेळ

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आजवर आम्ही बेणे प्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त, ठिबकातून खते असे विषय घेतले. या खेपेस मोबाइलच्या चार्जरवर लिहितो आहोत हे पाहून काही जण हसतील. हसावे. परंतु गेल्या गळीत हंगामात जे घडले ते आधी सांगतो, म्हणजे हा विषय शेती खात्याच्या टेबलावर कसा येऊन पडला ते ध्यानात येईल.

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. एका गटातील सभासदांच्या आडसाली प्लॉटला तोड लागली. चिटबॉयने रात्री साडेआठपासून तीन वेळा फोन केला. फोन बंद. पहाटे टोळी फडात घालायची तर शेताची वाट मोकळी आहे का, पाटाचे पाणी बंद केले आहे का, हे सांगायला मालक लागतो. निरोप लागेना म्हणून मुकादमाने टोळी यादीतल्या पुढच्या प्लॉटवर नेली. टोळी एकदा शिव ओलांडून गेली की परत कधी येते ते आपणांस माहीत आहे. या सभासदांचा नंबर पुन्हा लागायला अकरा दिवस गेले. ऊस तुऱ्यावर आलेला. त्या अकरा दिवसांत वजन किती गेले ते कोणत्याही काट्यावर दिसत नाही, पण मालकाच्या मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी ते गट ऑफिसवर आले ते तावातावानेच. म्हणाले, "साहेब, फोन संध्याकाळी सातला बंद पडला, तवाच चार्जिंगला लावला. रात्रभर लावून सकाळी बघतोय तर अकरा टक्के. आता यात माझी काय चूक?" आम्ही म्हटले, चार्जर घेऊन या. त्यांनी चार्जर, केबल, फोन तिन्ही आणले. कारखान्याच्या विद्युत विभागातील वायरमनकडे बोटाएवढे एक मीटर आहे. ते मध्ये जोडले की विजेचा दाब आणि प्रवाह आकड्यांत दिसतो. चार्जरच्या तोंडाशी दाब ५.१ व्होल्ट, म्हणजे उत्तम. केबलच्या दुसऱ्या टोकाला ४.३ व्होल्ट, आणि प्रवाह अवघा ०.१२ अँपिअर! मग तोच चार्जर, तोच फोन ठेवून फक्त केबल बदलली. प्रवाह १.७ अँपिअर झाला. जवळजवळ चौदा पट. बंद पडलेला फोन पहिल्या केबलच्या बारीक धारेवर रात्री उठलाच नव्हता.

ती केबल आम्ही ब्लेडने सोलली. आत केसासारख्या तारा, त्यातल्या बऱ्याचशा मानेजवळ तुटलेल्या. वरून मात्र केबल चकचकीत, जाडजूड, कापडी विणीची. तेव्हापासून आम्ही या विषयात लक्ष घातले. आमचे शिक्षण शेती पदविकेचे, विजेचे नाही. म्हणून जे लिहिले आहे ते विद्युत विभागाकडून तपासून घेतले आहे.

दाब, प्रवाह आणि शक्ती

ठिबक बसवलेल्या सभासदांना हे सांगायला फार वेळ लागणार नाही. पाइपातले पाणी किती जोराने ढकलले जाते तो दाब, आणि मिनिटाला किती लिटर जाते तो प्रवाह. विजेत दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये. दोन्हींचा गुणाकार म्हणजे शक्ती, ती वॅटमध्ये. चार्जरच्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत 'आउटपुट' म्हणून जी ओळ असते ती हीच. ५ व्होल्ट १ अँपिअर असेल तर चार्जर ५ वॅटचा. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॅट. ९ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १८ वॅट. १० व्होल्ट ६.५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. एकाच चार्जरवर दोन-तीन जोड्या छापलेल्या असतात. त्यातली सर्वांत मोठी जोडी म्हणजे त्या चार्जरची कमाल ताकद.

खोक्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत काय लिहिले आहे त्याला किंमत देऊ नये. आम्ही स्वतः एकदा बाजारातून खोक्यावर '६५ वॅट' छापलेला चार्जर दीडशे रुपयांत आणला आणि घरी चष्मा लावून पाठ वाचली, तर ५ व्होल्ट २ अँपिअर. घरच्यांनी त्यावर जे ऐकवले ते येथे छापण्याजोगे नाही.

आता फोनची भूक किती? हल्लीच्या बऱ्याच फोनांत ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असते. तिचा दाब सरासरी ३.८५ व्होल्ट, म्हणजे तिच्यात सुमारे १९ वॅट-तास वीज मावते. वाटेतली गळती धरली तर भिंतीच्या सॉकेटमधून २५ वॅट-तासांपर्यंत जाते. ५ वॅटच्या जुन्या चार्जरने ती भरायला पाच तासांच्या आसपास लागतात, १० वॅटने अडीच, १८ वॅटने दीड ते दोन. (जाता जाता : एका युनिटमध्ये असा फोन चाळीस वेळा भरतो. घरात मोबाइलमुळे बिल वाढले म्हणून पोरांवर ओरडण्यात अर्थ नाही. पाच अश्वशक्तीची मोटर तासाला पावणेचार युनिट घेते.)

दाब का वाढवावा लागला

यूएसबीचा मूळ दाब ५ व्होल्ट. सुरुवातीच्या यूएसबीत संगणकातून अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॅट मिळत. पुढे २०१० च्या बॅटरी चार्जिंग मानकाने दीड अँपिअरपर्यंतची सोय केली. बॅटऱ्या मोठ्या झाल्या तसे हे पुरेना. ५ व्होल्टवरच प्रवाह वाढवत जावे, तर केबल आडवी येते.

विहीर डीपीपासून लांब आणि केबल बारीक टाकली, तर मोटरपर्यंत व्होल्टेज पडते, मोटर नुसती गुणगुणते, पाणी उचलत नाही, शेवटी वाइंडिंग जाते. मोबाइलच्या केबलमध्ये नेमके तेच होते, फक्त आकडे लहान. तारेची जाडी गेजमध्ये मोजतात; गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक. २८ गेजच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम रोध असतो. वीज एका तारेने जाते, दुसऱ्या तारेने परत येते, म्हणून एक मीटर केबलला दुप्पट धरायचा : ०.४३ ओहम. तिच्यातून २ अँपिअर नेले की ०.८५ व्होल्ट वाटेतच पडतात. म्हणजे ५ चे ४.१५ राहिले. तीच केबल २४ गेजची असेल तर पडझड ०.३४ व्होल्ट, म्हणजे निम्म्याहून कमी. दोन मीटर लांब केबल घेतली तर हे आकडे दुप्पट. खाटेवर पडून फोन बघता यावा म्हणून लांबलचक केबल आणणाऱ्यांनी हा हिशेब करावा.

आता १८ वॅट न्यायचे आहेत असे समजा. ५ व्होल्टवर त्यासाठी ३.६ अँपिअर लागतील आणि त्या बारीक केबलमध्ये दीड व्होल्ट, म्हणजे तीस टक्के दाब, वाया जाईल. ९ व्होल्टवर २ अँपिअरच पुरतात आणि वाया जाणारा दाब दहा टक्क्यांच्या आत राहतो. महावितरण ११ हजार व्होल्टवर वीज आणून डीपीवर उतरवते ते याच कारणाने. फोनमध्येही तसाच एक बारीक 'डीपी' असतो, तो ९ व्होल्ट उतरवून बॅटरीला योग्य करतो. मात्र उतरवताना थोडी उष्णता फोनमध्येच निघते.

क्वालकॉम कंपनीची 'क्विक चार्ज' पद्धत २०१३ मध्ये आली आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीपासून दाब वाढवण्याची वाट धरली. ओप्पो कंपनीने २०१४ मध्ये 'वूक' ही पद्धत आणली ती नेमकी उलटी : दाब ५ व्होल्टच्या आसपास ठेवायचा, प्रवाह ४ अँपिअरच्या पुढे न्यायचा. दाब उतरवण्याचे काम चार्जरमध्येच उरकल्याने फोन कमी तापतो, पण केबल जाड लागते आणि तिच्या तोंडात जादा पिन लागते. बारीक पाइपातून जादा दाबाने पाणी न्यायचे की चार इंचीऐवजी सहा इंची पाइप टाकायचा, असाच हा वाद. दोन्ही बरोबर. घोटाळा एवढाच, की एकाचा पाइप दुसऱ्याच्या पंपाला बसवला तर पाणी येते, पण ठिबकते.

चार्जर आणि फोन आपसांत बोलतात

पुष्कळ सभासद आम्हाला विचारतात की मोठ्या वॅटचा चार्जर लहान फोनला लावला तर फोन जळेल का? धड बनवलेला चार्जर असेल तर नाही. यूएसबी चार्जर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो. मग तो आणि फोन केबलमधून एकमेकांशी बोलतात. चार्जर सांगतो माझ्याकडे काय काय आहे, फोन त्यातले मागतो, आणि मागणी आल्याशिवाय चार्जर दाब वाढवत नाही. तोडीची चिठ्ठी निघाल्याशिवाय गाडी फडात जात नाही, तसे समजा. प्रवाहाचेही तसेच, ३ अँपिअरचा चार्जर म्हणजे तीनपर्यंत देऊ शकणारा, ढकलणारा नव्हे.

दोघांना एकच भाषा येत नसेल तर भांडण होत नाही, ते निमूटपणे ५ व्होल्टवर येतात. फोन भरतो, पण सावकाश. भावाचा ६५ वॅटचा चार्जर आपल्या दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावूनही वेग येत नाही तो यामुळे. कंपन्यांच्या स्वतःच्या भाषा अनेक आहेत. वूक आणि सुपरवूक, फ्लॅशचार्ज, हायपरचार्ज ही नावे खोक्यांवर दिसतात. या फोनांना पूर्ण वेग हवा असेल तर त्या कंपनीचाच चार्जर आणि बहुधा त्याच्याबरोबर आलेलीच केबल लागते.

सर्वांची सामाईक भाषा म्हणजे 'पॉवर डिलिव्हरी', थोडक्यात पीडी. तिचे पहिले मानक २०१२ चे. दोन्ही बाजूंनी बसणारी टाइप-सी पिन २०१४ मध्ये आली, तेव्हापासून दोघींची जोडी जमली. पीडीच्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या. २०२१ च्या सुधारणेने ती ४८ व्होल्ट, २४० वॅटपर्यंत गेली, पण ते लॅपटॉपसारख्या मोठ्या यंत्रांसाठी. पीडीतलीच एक पोटपद्धत पीपीएस नावाची आहे. तिच्यात दाब ठरलेल्या पायऱ्यांवर उड्या मारत नाही, ०.०२ व्होल्टच्या बारीक टप्प्यांनी हलतो, म्हणून फोन कमी तापतो. सॅमसंगच्या २५ वॅट घेणाऱ्या फोनांना हीच लागते; नुसत्या पीडीवर ते साधे 'फास्ट' दाखवतात, 'सुपर फास्ट' नाही.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना टाइप-सी सक्तीची केली, आणि जे फोन १५ वॅटपेक्षा जास्त शक्ती घेतात त्यांना पीडी समजलीच पाहिजे असे घातले. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचे आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारले आहे. कंपन्या युरोपसाठी वेगळा आणि आपल्यासाठी वेगळा फोन सहसा करीत नाहीत, तेव्हा घरात एकच चार्जर घ्यायचा झाला तर आम्ही पीडी आणि पीपीएस दोन्ही छापलेला, पंचवीस-तीस वॅटचा घ्या असे सांगू. ॲपलने २०२० पासून आणि सॅमसंगने २०२१ पासून महागड्या फोनांच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला. त्यामुळे ही निवड आता गिऱ्हाइकाच्याच गळ्यात पडली आहे.

केबलकडे नीट पाहा

चार्जर घेताना माणूस चार दुकाने फिरतो आणि केबल मात्र हाताला लागेल ती घेतो. आमच्या मते खरी गफलत इथेच आहे.

काही स्वस्त केबलींत दोनच तारा असतात, वीज नेणारी आणि परत आणणारी. बोलायच्या तारा नसतातच. अशा केबलवर क्विक चार्ज कधीच लागत नाही. ओळखण्याची सोपी युक्ती : त्या केबलने फोन संगणकाला जोडा. फोटो, फायली दिसण्याचा पर्याय फोनवर आलाच नाही, तर केबल मुकी आहे. चांगल्या केबलच्या अंगावर बहुधा तारेचे गेज छापलेले असते. त्यात २८ आणि २४ असे दोन आकडे दिसले तर २८ बोलायच्या तारांचा आणि २४ विजेच्या तारांचा. दोन्हीकडे टाइप-सी असलेली मानकाप्रमाणे बनवलेली केबल ३ अँपिअर नेते. ५ अँपिअर न्यायचे असतील तर केबलच्या तोंडात एक चिप असावी लागते. ती चार्जरला सांगते की मी एवढे पेलू शकते. चिप नसेल तर चार्जर तीनच्या वर जात नाही. अशा केबलींवर ६० वॅट किंवा २४० वॅट असे शिक्के आता येऊ लागले आहेत, ते पाहून घ्यावे.

केबल चुकीची असेल तर नुकसान किती व्हावे? गूगल कंपनीतील अभियंते बेन्सन ल्युंग यांनी २०१५ च्या अखेरीस बाजारातल्या टाइप-सी केबली स्वतः विकत घेऊन तपासायला आणि त्यांचे निकाल जाहीर करायला सुरुवात केली. २०१६ च्या सुरुवातीला अशीच एक केबल त्यांनी आपल्या लॅपटॉपला जोडली. तिच्यात वीज नेणारी आणि परत आणणारी तार उलटसुलट जोडलेली होती आणि रोधही चुकीचा बसवला होता. लॅपटॉप तिथेच निकामी झाला. पुढे अमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबली विकायला आपल्या दुकानात बंदी घातली. जाणत्या अभियंत्याचे यंत्र गेले, तिथे आपली काय कथा!

बॅटरीवरच्या टॉर्चबद्दल गट ऑफिसवर बऱ्याच तक्रारी येतात, म्हणून तेही सांगतो. रात्री पाणी द्यायला जाताना डोक्याला बांधायच्या टॉर्चला आता टाइप-सी भोक असते. ती नव्या चार्जरला दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने लावली तर भरतच नाही, आणि आपण टॉर्च बिघडली म्हणून टाकून देतो. बऱ्याचदा टॉर्च चांगली असते. टाइप-सी यंत्रात ५.१ किलो-ओहमचे दोन छोटे रोध बसवायचे असतात; ते दिसल्याशिवाय चार्जर वीज सोडतच नाही. स्वस्त टॉर्च बनवणारे पैसे-दोन पैसे वाचवायला ते गाळतात. जुन्या चपट्या यूएसबी तोंडाचा चार्जर आणि तशीच केबल लावली की ती टॉर्च भरते, कारण तिथे वीज न विचारताच सुटलेली असते. म्हणून जुना चार्जर मोडीत काढू नका.

उष्णता, पाणी आणि धूळ

जलद चार्जिंगने बॅटरी लवकर मरते असे म्हणतात. आमचे मत असे की वेगापेक्षा उष्णता वाईट. फोनची लिथियम बॅटरी दोन टप्प्यांत भरते. आधी प्रवाह जोरात, मग दाब कमाल मर्यादेला पोचला की प्रवाह हळूहळू कमी. पहिले पन्नास टक्के झपाट्याने आणि शेवटचे वीस रेंगाळत, हा बिघाड नव्हे. तोडीच्या दिवशी घाई असेल तर अर्धा तास लावून साठ-सत्तर टक्क्यांवर निघावे, शंभरची वाट बघत बसू नये. फोन तापला की तो स्वतःच प्रवाह कमी करतो. एप्रिलच्या उन्हात ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनला कितीही महाग चार्जर लावा, तो सावकाशच भरणार. उशीखाली, गोधडीत गुंडाळून फोन चार्जिंगला लावणे सोडून द्यावे.

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची, बऱ्याच ट्रकांची २४ ची. गाडीतल्या चार्जरवर इनपुट १२ ते २४ लिहिलेले असेल तरच तो दोन्हीकडे चालतो. स्टार्टर मारताना दाब खालीवर होतो, तेव्हा इंजिन चालू झाल्यावर मग पिन लावावी. फ्यूज न घालता बॅटरीवरून सरळ तारा काढलेले जुगाड आम्ही यार्डात पाहिले आहेत. ते तातडीने बंद करावेत.

भिंतीवरचे चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे कमी व्होल्टेजला ते डगमगत नाहीत. पण न्यूट्रल तुटला तर घरात ४०० च्या जवळ दाब येऊ शकतो, तिथे चांगलाही चार्जर जातो. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर घातला की बनवणाऱ्याचे नाव दिसते. नाव जुळत नसेल तर घेऊ नये. टोळीच्या कोप्यांवर तर हे फारच महत्त्वाचे. एका बोर्डावर आठ-दहा चार्जर, बाजूला पाचटाचे कूड, आत झोपलेली पोरे. ज्यांच्या रानात कोप्या पडतात त्या सभासदांनी एकदा तो बोर्ड डोळ्यांनी पाहून यावा.

पिनच्या भोकात पाचटाची आणि भुश्श्याची भुकटी बसते, पिन पूर्ण आत जात नाही आणि आपण चार्जरला नावे ठेवतो. फोन बंद करून लाकडी काडीने हलक्या हाताने काढावी, सुईने नको. भोक ओले झाले असेल तर वाळेपर्यंत चार्जिंग करू नये.

त्या सभासदांबाबत एक सांगायचे राहिले. त्यांचे म्हणणे आम्ही वरिष्ठांपुढे ठेवले. एकाच फोनवर निरोप सोडून टोळी हलवायची ही आमचीही चूक होती. येत्या हंगामापासून ऊस नोंदीच्या अर्जात घरातला दुसरा मोबाइल नंबर घेतला जाईल आणि पहिला लागला नाही तर चिटबॉयने दुसऱ्यावर फोन करायचा आहे. ज्यांची नोंद आधीच झाली आहे त्यांनी गट ऑफिसवर येऊन दुसरा नंबर लिहून द्यावा. येताना घरातल्या सगळ्या केबली पिशवीत घालून आणाव्यात. ते बोटाएवढे मीटर आता प्रत्येक गट ऑफिसवर ठेवले आहे. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी वायरमन तिथे असतात, ते केबल मोजून तिथल्या तिथे सांगतील.